‘रिंगा रिंगा रोझेस’मध्ये प्लेग नाही

महोदय,

आपल्या बालपुरवणीत ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे १६६५च्या लंडनमधल्या प्लेगचे गाणे असल्याचे ठामपणे छापले आहे. गुलाबाचे कडे म्हणजे अंगावरचे लाल वर्तुळ, खिशातली फुले म्हणजे दूषित हवेवरचा उतारा, मग शिंका (इंग्लंडमधल्या पाठातले ‘अटिशू’) आणि शेवटी सगळे पटापट मेले. व्हॉट्सअ‍ॅपवर हाच मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. अर्थ चपखल बसतो, यात वाद नाही. पण तो बसावा म्हणून गाण्याचा सोयीचा तेवढाच पाठ उचललेला असतो.

आधी लक्षणे पाहू. ती महाराष्ट्राला तरी परकी नसावीत. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी साथ ओळखली, आणि पुढच्या वर्षी पुण्यात काय झाले ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आपल्याकडे या दुखण्याला गाठीचा ताप म्हणत, कारण जांघेत, काखेत, मानेला गाठ येई. अंगावर काळसर डाग पडत, पण गुलाबी कडे हे प्लेगचे लक्षण नव्हे. शिंक तर नाहीच. प्लेग फुफ्फुसात उतरला तर खोकला येतो आणि थुंकीतून रक्त पडते. फुलांपुरते मात्र खरे आहे. वासाने रोग दूर राहतो अशी समजूत होती. साथ शिरलेल्या घरांच्या दारांवरचे लाल क्रॉस पाहून हबकलेल्या सॅम्युअल पीप्स या लंडनकराने जून १६६५मध्ये हुंगायला आणि चघळायला तंबाखू विकत घेतल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. या गाण्याची नोंद मात्र तिथे नाही. लेखक डॅनियल डिफोने १७२२मध्ये त्या साथीवर अख्खे पुस्तक लिहिले, त्यातही नाही.

आता शब्द. चित्रकार केट ग्रीनवेच्या १८८१च्या सचित्र संग्रहात हे गाणे इंग्लंडमध्ये छापील रूपात येते, म्हणजे साथीनंतर २१६ वर्षांनी. तिथे शिंक नाहीच; ‘हश, हश’ आहे, म्हणजे ‘गप, गप’. आपली मुले ‘हश्शा बुश्शा’ म्हणतात ते या पाठाला अधिक जवळचे. अमेरिकेत त्याच जागी ‘अ‍ॅशेस’ म्हणतात. मग काहीजण राख म्हणजे जाळलेली प्रेते असा अर्थ काढतात, पण लंडनमध्ये प्लेगची प्रेते जाळत नव्हते, मोठे खड्डे खणून पुरत होते. लोकसाहित्याचा अभ्यासक विल्यम न्यूएलने १८८३मध्ये अमेरिकेतले पाठ छापले. त्यातला एक न्यू बेडफर्डमध्ये १७९०च्या सुमारास म्हटला जात असल्याचे तो सांगतो. त्यात खिसाभर नव्हे, बाटलीभर फुले आहेत, आणि गावातल्या सगळ्या मुली छोट्या जोसीसाठी फेर धरतात. पडणे, शिंकणे, मरणे काहीच नाही.

कुठल्याही बालगीताच्या ‘गुप्त अर्था’ची परीक्षा अशीच करावी. गाणे पहिल्यांदा कधी छापले गेले आणि घटना कधीची, हे शेजारी मांडावे. मग सर्वांत जुन्या पाठात तो निर्णायक शब्द आहे का ते बघावे. बहुतेक कथा इथेच गळतात. जॅक आणि जिल म्हणजे फ्रान्सचे राजा-राणी सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत म्हणे. त्यांची डोकी उडाली १७९३मध्ये, आणि हे गाणे १७९१च्या छापील संग्रहात आहे. हम्प्टी डम्प्टी ही इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या, १६४८च्या कोल्चेस्टरच्या वेढ्यात चर्चच्या मनोऱ्यावरून कोसळलेली तोफ होती, ही कथा ‘राजाचे घोडे, राजाची माणसे’ या ओळीवर उभी आहे. पण १७९७च्या छापील पाठात राजाच नाही! तिथे ऐंशी माणसे आणि वर आणखी ऐंशी माणसे आहेत. मुळात ते कोडे आहे आणि उत्तर अंडे. स्वीडन, जर्मनी, फ्रान्समध्येही अशाच नावांची अंड्याची कोडी आहेत. १८७१मध्ये चित्रकार टेनिएलने लुईस कॅरॉलच्या पुस्तकासाठी हम्प्टीचे चित्रच अंड्याचे काढले, त्यामुळे आता कोड्यात दम उरला नाही. ‘बा बा ब्लॅक शीप’ हे लोकरीवरच्या कराचे गाणे म्हणतात; त्याचे थोडे वेगळे आहे. १२७५मध्ये इंग्लंडात लोकरीवर जकात बसली हे खरे, पण गाणे छापले गेले १७४४च्या सुमारास. अशा वेळी ‘शक्य आहे’ एवढेच लिहावे.

प्लेगची कथा स्वतः मात्र फारशी जुनी नाही. न्यूएल आणि इंग्लंडमधल्या लोकसाहित्याच्या अभ्यासक अ‍ॅलिस गॉम यांनी एकोणिसाव्या शतकात या खेळाचे पाठ गोळा केले, पण दोघांनीही प्लेगचे नाव काढलेले नाही. १९५१मध्ये बालगीतांचे अभ्यासक ओपी दांपत्य यांनी आपल्या बालगीतांच्या कोशात या समजुतीचा उल्लेख केला तो थट्टेच्या सुरात, आणि पुढे लोकांनी तीच पक्की धरली.

पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर सोबत न्यूएलने नोंदवलेला खेळाचा एक नियमही द्यावा. फेर धरायचा, गाणे संपताच सगळ्यांनी खाली वाकायचे. जी सर्वांत शेवटी वाकेल तिने आपले सर्वांत आवडते माणूस कोण ते सगळ्यांसमोर सांगायचे.

– बालगीतांचे दोन अभ्यासक, पुणे