भाड्यातून हप्ता फिटत नाही हो, हिशोब तरी छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शनिवारच्या तुमच्या घरांच्या पुरवणीत परत एकदा दुसरं घर घ्या आणि भाड्यातून हप्ता फेडा अशा थाटाचा मजकूर आलाय, आणि त्याच्याच खाली बिल्डरची अर्धा पान जाहिरात. जाहिरात छापा, त्यावर पेपर चालतो हे आम्हाला कळतं. पण ज्याच्याकडे पीएफचे आणि बायकोच्या एफडीचे मिळून बारा-पंधरा लाख आहेत असा माणूस हे वाचून रविवारी साइट बघायला जातो (गाडी फुकट, वर चहा-समोसा पण फुकट) आणि संध्याकाळी टोकन देऊन येतो, त्याच्यासाठी कुणीतरी कागद-पेन घेऊन बसायला पाहिजे की नको?

मीच बसतो. समजा मुंबईत उपनगरात साठ लाखांचा वन आरके (एक खोली आणि किचन) घेतला. स्टॅम्प ड्युटी 6 टक्के म्हणजे 3 लाख 60 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, झाले 63 लाख 90 हजार, दलाली आणि वकील अजून धरलेच नाहीत. बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत एक टक्का वाचतो, तो जरूर वाचवा. बँकेने 80 टक्के म्हणजे 48 लाख दिले, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी, तर हप्ता बसतो 41 हजार 600 च्या आसपास. भाडं धरा 18 हजार. त्यात वर्षातून एक महिना घर रिकामं राहणारच, एक महिन्याचं भाडं एजंटला, मेंटेनन्स महिना अडीच हजार, म्हणजे वर्षाला हातात दीड लाख. रंग, गिझर, नळ गळतोय ते वेगळंच. पाचशे चौ. फुटाच्या आतल्या घराला 2022 पासून मुंबईत मालमत्ता कर माफ आहे तेवढाच काय तो दिलासा. आता हप्त्याचे वर्षाला पाच लाख आणि भाड्याचे दीड, वरचे साडेतीन लाख कुठून येणार तर पगारातून, महिन्याला 29 हजार. आणि पूर्ण पैसे रोख घातले तरी परतावा पडतो सव्वादोन-अडीच टक्के, एफडी बरी की त्यापेक्षा.

टॅक्स वाचतो म्हणतात. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत व्याजामुळे होणारा तोटा पगारातून वर्षाला दोन लाखांपर्यंत वजा होतो हे खरं, पण नव्या पद्धतीत असाल तर तो तोटा पगारासमोर धरताच येत नाही, आणि आज बहुतेक जण नव्या पद्धतीतच आहेत. म्हणजे छोट्या माणसाची खरी कमाई भाड्यात नाहीच, भाव वाढेल या आशेवर आहे, तर तसं सरळ सांगा ना.

याचा अर्थ घेऊच नका असं नाही. माझ्यामते कमी पैशात घ्यायचंच असेल तर ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) असलेलं, सोसायटी झालेलं, रिसेल घर बघावं. त्याला जीएसटी नाही (बांधकाम चालू असलेल्याला 5 टक्के, स्वस्त घरात मोडलं तर 1), भाडं पहिल्या महिन्यापासून सुरू, आणि पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्याला विचारता येतं. आधीचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नये. नवीन घरात बिल्डर रजिस्टर्ड करार करायच्या आधी 10 टक्क्यांच्या वर पैसे मागूच शकत नाही, रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या) तसं लिहिलंय, तरी लोक वीस-पंचवीस टक्के देऊन बसतात.

आणि नुसता रेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाची रेराकडची नोंदणी, बघून खुश होऊ नका. कल्याण-डोंबिवलीच्या त्या 65 इमारती आठवा, महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेरा नंबर घेतले होते आणि शेवटी हायकोर्टाने पाडायचे आदेश दिले. लोकांनी कर्ज काढून घरं घेतलेली. त्यामुळे सीसी (बांधकाम सुरू करायची पालिकेची परवानगी) स्वतः महापालिकेत जाऊन ताडून बघा, सुट्टी टाकावी लागली तरी चालेल.

आता मोठी डोकेदुखी, भाडेकरू. आपले लोक अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर लिहून कपाटात ठेवतात आणि झालं म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर भांडण झालं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करत बसायचं. उलट नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे नेता येतं आणि तोवर दुप्पट भाडं मागता येतं. स्टॅम्प पाव टक्का, मुंबईत नोंदणी हजार रुपये, घरबसल्या होतं. आणि पोलिसांना ऑनलाइन कळवायचं ते विसरू नका.

सोसायटीचा जाच तर विचारू नका. आमच्या ओळखीत एकाच्या बिलावर सर्व्हिस चार्जेस 1,900 आणि नॉन ऑक्युपन्सी (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते तो आकार) 1,500! ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाने हा आकार सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, त्यात पालिकेचे कर मोजायचेच नाहीत, म्हणजे 190 रुपये. सेक्रेटरीला निर्णयाची झेरॉक्स दाखवली तर म्हणे, आमच्या जनरल बॉडीत ठराव पास झालाय. ठराव शासन निर्णयाच्या वर कधीपासून गेला? शिवाय भाडेकरू बदलला की शिफ्टिंग चार्ज, लिफ्ट वापरली म्हणून वेगळे, आणि बॅचलर नको. उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, पण दीडशे-दोनशे घरांच्या कमिटीशी एका फ्लॅटवाल्याने किती दिवस भांडायचं, तोवर भाडेकरू दुसरीकडे जातो आणि नुकसान मालकाचं.

ज्यांना हे काहीच नकोय त्यांनी रीट बघावं, म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींमध्ये शेअरसारखे युनिट घेऊन पैसे गुंतवायची सोय, 2021 पासून एक युनिट पण घेता येतं, ऐरोलीच्या माइंडस्पेस ऑफिस पार्कचं भाडं थोडं का होईना आपल्याला मिळतं आणि गळका नळ दुसरा कोणीतरी बघतो. भाव खालीवर होतो, हेही सांगून ठेवतो.

तर संपादकसाहेब, एवढंच करा. पुरवणीत एखाद्या भागातल्या घराचा भाव छापाल तेव्हा बाजूला तिथलं भाडं, मेंटेनन्स आणि हप्ता पण छापा, एका चौकटीत मावेल. आणि नॉन ऑक्युपन्सीचा तो शासन निर्णय एकदा जसाच्या तसा छापा, कापून सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावायची तयारी आहे आमची.

आपला,
एक वाचक, मुलुंड पूर्व