जेनोआत बेसन आहे!

जेनोआ (इटली), शनिवार, रात्री

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, निघताना तू विचारलं होतंस, "तिकडे खाणार काय तुम्ही?" फोनवर मी "मिळतं गं काहीतरी" म्हणून विषय तोडला. आता नीट लिहिते. पुढच्या वर्षी तुम्ही दोघांनी इथे यायचंच असं मी मनाशी ठरवलंय, आणि तुझी मुख्य धास्ती जेवणाचीच आहे हे मला माहीत आहे.

तर ऐक. इथे बेसन आहे!

बंदराला लागून सोत्तोरिपा नावाची जुन्या कमानींची ओळ आहे. तिच्यात आणि मागच्या बोळांत 'शामाद्दा' म्हणतात अशी छोटी दुकानं असतात. इथल्या बोलीत त्याचा अर्थ भट्टीचा जाळ. तिथे फारिनाता मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, एवढेच जिन्नस. पीठ आपल्या डाळीच्या बेसनासारखं नसतं, काबुली हरभरे दळलेले असतात. पिठाच्या तिप्पट पाण्यात ते कालवून काही तास ठेवतात, वर आलेला फेस काढून टाकतात. मग कल्हई केलेल्या तांब्याच्या भल्यामोठ्या उथळ परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वरून खरपूस, आत मऊ. वर मिरपूड. पहिल्या घासाला माझी जीभ ओवा आणि हिरवी मिरची शोधत होती, दुसऱ्या घासाला शोधायची थांबली. तुझ्या धिरड्याचं हे सख्खं भावंडच! कागदात घेऊन उभ्या उभ्या खाल्लं आणि डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

याची एक आख्यायिकाही आहे. 1284 साली मेलोरियाच्या लढाईत पिसा शहराच्या आरमाराला हरवून परतणारी जेनोआची गलबतं वादळात सापडली, कोठारातलं पीठ आणि तेल समुद्राच्या पाण्यात कालवलं गेलं, आणि खलाशांनी ते उन्हात वाळवून खाल्लं म्हणतात.

त्याच पिठाचं दुसरं रूप म्हणजे पानिस्सा. पीठ शिजवून घोटायचं, थापून गार करायचं, तुकडे पाडून तळायचे. पाटवड्याच की!

आता पेस्टो. मूळ शब्दाचा अर्थ कुटणं. संगमरवरी खल, लाकडी बत्ता, त्यात बासिलची पानं, लसूण, पाइनचे दाणे, जाडं मीठ, चीज आणि तेल. बासिल म्हणजे आपल्या सब्ज्याचं झाड, वृंदावनातली तुळस नव्हे, म्हणजे तो प्रश्न मिटला. त्रोफिये नावाच्या वळलेल्या पास्त्याबरोबर बटाटा आणि फरसबी घालून देतात. त्रोफियेत अंडं नसतं, नुसती कणीक आणि पाणी. पण पेस्टोतल्या चीजबद्दल तुझ्यापासून लपवणार नाही. त्यात पडणाऱ्या पार्मेजानो चीजचं दूध विरजायला वासराच्या जठरातलं द्रव्य वापरतात, तसा नियमच आहे. म्हणून तुझ्यासाठी पेस्टो नाही, टोमॅटोच्या रसातला पास्ता चीजशिवाय मागायचा. मागितला की देतात.

फसगत एकदाच झाली. एका खाणावळीत मी "सेंझा कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हटलं. उकडलेल्या भाज्यांवर हिरवी चटणी आली. मी कोथिंबिरीची समजून खाल्ली, तर तीत मांदेलीच्या जातीचे खारवलेले मासे वाटलेले होते. इथे मासा मांसात धरत नाहीत. त्या दिवसापासून "सेंझा पेशे"ही म्हणते, आणि सूप असेल तर ते कशाच्या पाण्यात शिजवलंय हेही विचारते. तू येशील तेव्हा हे सगळं मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ठेवीन.

बाबा, हे तुमच्यासाठी. बिलावर 'कोपेर्तो' लिहिलेलं दिसेल, माणशी दोन-तीन युरो. ती चूक नाही, म्हणून वेटरशी बोलायला जाऊ नका. पाव आणि टेबल मांडण्याचे ते पैसे. मेनूवर आधीच लिहिलेलं असतं. पाणी बाटलीचंच येतं, त्याचे वेगळे. टीप देण्याची सक्ती नाही. कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायली की स्वस्त पडते, टेबलावर बसलं की महाग.

खरी अडचण वेळेची आहे. संध्याकाळी साडेसातच्या आधी बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर उघडतच नाही आणि तुमची गोळी सातची. त्यावर तोड म्हणजे फोकाच्या, तेल लावून भाजलेला चपटा पाव. बेकरीत दिवसभर मिळतो. एक तुकडा पिशवीत ठेवायचा. तेवढं विचारून घ्यायचं की डुकराची चरबी तर घातलेली नाही ना.

आणि एकदा बसलं की कोणी उठवत नाही, हे मला फार आवडलं. काल आमच्या शेजारच्या टेबलावर तीन पिढ्या दोन तास बसल्या होत्या. आजीबाईंनी नातवाच्या ताटातला उरलेला पास्ता स्वतःच्या ताटात ओढून घेतला, अगदी तू करतेस तसा. बिलसुद्धा आपण मागेपर्यंत आणत नाहीत.

बाबा, तुमचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असावा लागतो, म्हणून नूतनीकरणाला आत्ताच टाका. आई, तुला मे सोसेल की सप्टेंबर, तेवढं रविवारी फोनवर सांग. जमलं तर इथलं किलोभर पीठ घेऊन येते. तव्यावर कसं होतं ते तूच करून बघ.

तुझी,
धाकटी