दुधाच्या पिकअपवाल्या दादांना

परवा प्रॅक्टिकल लांबलं आणि राजूरच्या स्टँडवर पोचेपर्यंत भंडारदऱ्याकडची शेवटची एसटी निघून गेलेली. बारावीपर्यंत आम्हा मुलींना पास फुकट आहे, पण गाडीच चुकली तर पास काय चाटायचा? त्यात मोबाईलही बंद पडलेला.

दादा, तुम्ही रिकामे कॅन घेऊन निघाला होतात. "बस" म्हणायच्या आधी स्वतःचा फोन पुढं केलात, "पप्पांना गाडीचा नंबर सांग." शेंडीच्या एका आजींना मध्ये बसवलंत. फाट्यावर उतरले तेव्हा मिट्ट काळोख. तुम्ही इंजिन बंद केलंत, पण पप्पांची बॅटरी वळणावर दिसेपर्यंत दिवे चालूच ठेवलेत. भाडं घेतलं नाहीत, आणि नाव विचारायचं राहूनच गेलं.

मनापासून आभार. आजी, तुम्ही दिलेल्या शेंगा घरी पोचायच्या आधीच संपल्या.