अंदाजपत्रक वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

येत्या ३१ तारखेला तुम्ही सेवानिवृत्त होताय, असं कळलं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ होईल, वरिष्ठ चार शब्द बोलतील. आम्ही पडलो बाहेरचे, तिथे आम्हाला बोलता येणार नाही. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र.

पुणे महापालिकेच्या लेखा विभागाचा जिना मी पहिल्यांदा चढलो तो दादांमुळे. खुब्याच्या ऑपरेशननंतर दादा, म्हणजे माझे वडील, वॉकर घेऊन चालायला लागले होते आणि गल्लीच्या तोंडाशी पदपथाची पायरी वीतभर उंच होती. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. आम्हीही सोसायटीतर्फे अर्ज भरला होता. 'पदपथ नीट करावा', एवढंच लिहिलं होतं. काम यादीत दिसेना, म्हणून विचारायला आलो.

तुम्ही अर्जाची झेरॉक्स वाचलीत. "कुठून कुठपर्यंत? किती मीटर? आणि नीट म्हणजे डागडुजी की नवीन बांधायचा?" मला एकाचंही उत्तर देता येईना. तुम्ही खुर्ची पुढे ओढायला सांगितलीत, अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक उघडलंत आणि एका ओळीखाली लाकडी पट्टी ठेवलीत. ही मागच्या वर्षीची तरतूद, हा झालेला खर्च, ही यंदाची तरतूद. डागडुजी महसुली खर्चात येते, नवीन काम भांडवली खर्चात. जेवणाची सुट्टी सुरू झाली होती. तुमचा डबा टेबलावर तसाच होता आणि तुम्ही पान उलटत होतात.

घरी येऊन टेपने मोजलं, १४ मीटर भरलं. पुढच्या वर्षीच्या अर्जात ते लिहिलं, उताराचं साधं रेखाचित्र जोडलं. अंदाजपत्रक आल्यावर आमच्या कामाची ओळ मीच शोधून काढली. घरातली फूटपट्टी त्या ओळीखाली ठेवून दादांना दाखवली.

आज मात्र सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या एका नकाराचे. ते काम करताना पैसे थोडे कमी पडत होते. दुसऱ्या कामाची शिल्लक आमच्याकडे वळवता येईल का, असं मी विचारलं. तुम्ही आधी नियम सांगितलात, की वर्गीकरणाचा, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा, प्रस्ताव स्थायी समितीपुढे जातो, तो माझ्या हातातला विषय नाही. मग हळूच म्हणालात, "पण ते पैसे कुणाच्या तरी ड्रेनेजचे आहेत हो. त्यांनीही अर्ज भरलाय." त्या दिवशी मी रागावूनच निघालो. स्वारगेटला बस बदलेपर्यंत राग उतरला होता. लांबी थोडी कमी करून आमचं काम झालं. त्या दुसऱ्या गल्लीतल्या माणसांना मी ओळखत नाही, त्यांना तुम्ही माहीत नाही. त्यांच्या वतीनेही हे आभार.

तुमच्या नोकरीच्या काळात शहराच्या उत्पन्नाचं गणित किती वेळा बदललं! जकात गेली, १ एप्रिल २०१३ पासून एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेचे २०० कोटींचे कर्जरोखे निघाले, व्याज ७.५९ टक्के. शहराने कर्ज का काढावं, असं मी तावातावाने विचारलं होतं. नळाची लाइन पन्नास वर्षं टिकते, तिचे सगळे पैसे एकाच वर्षाच्या करदात्याने का भरावेत, असं तुम्ही मला विचारलंत. मी अजून त्यावर विचार करतोय. परतफेड वेळेवर व्हायला हवी, ही माझी अट कायम आहे आणि ती तुम्हालाही मान्य होती.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले. कुणाकडे जायचं हेच लोकांना कळेना. त्या दिवसांत तुमच्या टेबलापुढची गर्दी मी पाहिलीय. मार्च एंडिंगची बिलं बाजूला ठेवून तुम्ही एका आजींना अर्ज भरून देत होतात.

सोसायटीतल्या तीन मुलांना मी आता अंदाजपत्रक वाचायला शिकवतो. पट्टी ठेवूनच.

दादा संध्याकाळी पाचला त्या उतारावरून कट्ट्यावर जातात. ३१ तारखेनंतर सवड मिळाली की एकदा या. चहा आमच्याकडे. त्यांना तुम्हाला बघायचंय.

तुमचा,
कर्वेनगरचा १४ मीटरवाला