एकोणीस-अ

गिरगाव,
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय नंदे,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि भावजी आतून "कोण, गिरगाव का? पाऊस काय म्हणतोय?" करत मधे येणार. म्हणून पत्र. वाचून झाल्या झाल्या उत्तर देऊ नकोस, एक रात्र जाऊ दे.

आमचं बरं चाललंय. ह्यांची शुगर होती तिथेच आहे, माझा खांदा दुखायचा तसा दुखतोय. झालं.

तर, मागच्या जिन्याकडची गॅलरी पडली. सगळी नव्हे, दुसऱ्या मजल्यावर संडासाकडे वळतो तो तुकडा. पहाटे पडली म्हणून वाचलो. तासाभराने तिथे बादल्या घेऊन रांगच असती. बापूंच्या कुंड्या तेवढ्या गेल्या. वरून विटा सुटत होत्या आणि बापू खाली ढिगाऱ्यात कोरफड शोधत होते. त्यांना हाताला धरून ओढून आणावं लागलं, तर म्हणे, "ही ह्या गॅलरीपेक्षा जास्त टिकली असती."

तुळईचं टोक मी जवळून पाहिलं. दिसायला अजून तसंच सागवान, पण भिंतीत शिरतं तिथे बोट घातलं तर आत सरळ भुगा. मोरीचं पाणी किती वर्षं मुरत होतं देव जाणे. आपण त्यावर दर दिवाळीला ऑइलपेंट मारत होतो. तो हिरवा रंग आठवतो? त्या हिरव्या पापुद्र्यानेच ती एवढे दिवस धरून ठेवली असं माझं मत आहे. आता खालपासून वरपर्यंत लोखंडी टेकू लावलेत आणि संडासाला जायला पुढच्या जिन्याने वळसा. म्हातारी माणसं बिचारी चहा अर्धा कप पितात.

ह्या एका पडझडीने जे दहा वर्षांच्या मीटिंगांनी झालं नाही ते झालं. "आमची तिरडी इथूनच निघणार" म्हणणाऱ्या सगळ्यांनी बिल्डरच्या संमतीपत्रावर सह्या केल्या. जोगकाकूंनीसुद्धा. एकावन्न टक्के लागतात, आमचे केव्हाच पुढे गेले. चाळीत आता जो तो वकील झालाय. तेहतीस-सात म्हणजे जुन्या चाळी पाडून नव्या बांधायचा नियम, उपकर म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा कर, अ वर्ग, सगळं तोंडपाठ. (आपली इमारत १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, म्हणून अ वर्ग. नानांना हे कळल्यापासून ते आपण फर्स्टक्लासमध्ये असल्यासारखे बोलतात.) प्रत्येकाला कमीत कमी तीनशे चौरस फूट, स्वतःच्या मालकीचं, आत संडास. आत संडास, नंदे! मंगलताईने त्या कल्पनेवरच टाइल्सचा रंग ठरवलाय.

ट्रान्झिट कॅम्पात, नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, जायची भीती मला आहेच. तुझा पमामामा "तीन वर्षांत परत येतो" म्हणून गेला आणि तिथेच आजोबा झाला. पण बिल्डर कॅम्पाऐवजी महिन्याचं भाडं देणार म्हणतो. बिल्डर बरंच काही म्हणतो. ते असो. मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि तिच्याभोवती घिरट्या घालतेय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुमच्या खोलीचं लिहायचंय.

तुझ्या बाबांनी २००१ साली एकोणीस नंबर सोडला तो ज्याला दिला, त्याला आम्ही आता "पुढचे" म्हणतो, आणि त्याच्या पाठीमागे राहतात ते "मागचे". दोन वर्षांनी त्या गृहस्थाने मधोमध प्लायवूड मारलं, मालकाला हाताशी धरलं, आणि मागचा अर्धा भाग, मोरीकडचा, एकोणीस-अ म्हणून पगडीवर, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन भाडेकरू ठेवायचं तसा, काढला. पैसे दोघांनी वाटून घेतले. मालकाने रीतसर पावती फाडली, पुढच्याच वर्षी वेगळा मीटर आला. घेतला तो सरिता आणि तिच्या नवऱ्याने. तो छापखान्यात आहे, ती ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नातलं सोनं मोडून घेतला. मुलगी तनू त्याच अर्ध्या खोलीत जन्मली, आता दहावीला बसेल. बाई चांगली आहे. माझ्या खांद्याला रोज तेल लावून देते आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नाही.

आता सर्व्हे येणार. भाडेकरूंची यादी प्रमाणित होणार, आणि नियम असा की १३ जून १९९६ नंतर खोल्यांचे तुकडे पाडून काढलेल्या नव्या भाडेकरूंना वेगळं घर नाही. नियम का केला तेही मला कळतं. नाहीतर एकेका मालकाने रातोरात कपाटाएवढे गाळे पाडून शंभर भाडेकरू उभे केले असते. जेवढे भाडेकरू जास्त तेवढी बिल्डरला वर बांधायला जागा जास्त. सगळं पटतं. फक्त त्या नियमाच्या तोंडी मालक येत नाही, पुढचा येत नाही, सरिता येते. पुढचा आता सरळ सांगतो, "कागदावर खोली एकच आहे आणि ती माझी." वीस-बावीस वर्षं भिंतीपलीकडून ह्याची खोकल्याची उबळ ऐकली तिने, वेळेला काढा करून दिला.

गेल्या आठवड्यात सरिता माझ्याकडे आली. दार लोटून घेतलं तेव्हाच मी ओळखलं. कुणीतरी तिला सांगितलंय, बहुतेक बिल्डरच्याच माणसाने, की १९९६ आधीपासून खोलीत दोन बिऱ्हाडं होती असं जुन्या भाडेकरूने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तर काम होईल. जुने भाडेकरू म्हणजे तुम्ही. तुझे आईबाबा गेले, अज्या ऑस्ट्रेलियात, तो काय येतोय. राहिलीस तू. मजकूरसुद्धा टाइप करून आणला होता तिने. "आमच्या कुटुंबाने मागील भाग श्री. अमुक यांना पोटभाड्याने दिला होता, मधे कायम भिंत होती." खाली तुझं माहेरचं नाव, सासरचं नाव, बरोबर लिहिलेलं. माझं नाव नुसतं ऐकून लोक तीन तऱ्हांनी लिहितात, आणि तुझं मात्र बिनचूक!

आता गंमत ऐक. १३ जून १९९६ ला त्या खोलीत कोण होतं, नंदे? तूच होतीस. ऋचाच्या बाळंतपणाला आलेली. बारशाचा फोटो माझ्याकडे आहे, परवा रात्री काढून पाहिला. पाळणा मधल्या तुळईच्या कडीला टांगलाय, तू निळ्या नारायणपेठेत, मी कुंकवाची कोयरी घेऊन वेडीसारखी हसतेय, आणि आपल्या मागे मोरीपर्यंत सगळी खोली एकसंध, तुझ्या आईचं आरशाचं कपाट, त्यावर पत्र्याची ट्रंक. भिंत नाही. आज प्लायवूड बरोबर त्या कडीखालून गेलंय. अर्धी कडी पुढच्यांकडे, अर्धी मागच्यांकडे. सरिता तिच्या अर्ध्या कडीला शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी अडकवते.

मी तिला फोटो दाखवला नाही. तुझा नंबरही दिला नाही. "लिहून विचारते" एवढंच म्हटलं. त्यावर ती रडली वगैरे नाही, ते एक बरं झालं. "लिहा सावकाश," म्हणाली, आणि माझ्या परकराची नाडी निघाली होती ती जाता जाता ओवून गेली.

मला तुझ्याकडून खोटी सही नकोय. हे आधीच स्पष्ट लिहिते, नाहीतर तू दुसरं पान वाचायच्या आत "शुभे, तू मला हे सांगतेस?" करशील. कोर्टकचेरीचं सोड, मीटरचं बिलच बोलेल की जोडणी २००४ ची आहे. पकडलं तर सरिता जाईलच, तुलाही बोलावतील, आणि यादी अडकली म्हणजे आम्ही सगळेच टेकूखाली अजून किती पावसाळे काढायचे? नाना तर भर मीटिंगमध्ये ओरडले, "एका अर्ध्या खोलीसाठी सगळ्या चाळीला गाडायचंय का?" मंगलताई म्हणाल्या, "तुमच्या मुलीची अर्धी खोली असती तर?" मग गणपतीच्या वर्गणीचा २०१२ सालचा हिशेब निघाला, तो का निघाला कुणालाच कळलं नाही, आणि मीटिंग संपली. नाना चुकीचे नाहीत, तेच तर त्रासाचं आहे. २०१९ च्या जुलैत डोंगरीची केसरबाई इमारत पडली त्या दिवशी आपल्याकडे कुणी जेवलं नव्हतं. ती आठवण अजून सगळ्यांच्या पोटात आहे.

पण गप्प बसणंही मला जमत नाहीये. मला वाटतं ते असं. खोटं लिहून घ्यायची वेळ एकट्या सरितावर का यावी? खरं लिहून दे ना कुणीतरी. खोली अखंड होती, तुझ्या बाबांनी ती अखंड दिली, २००१ ला, अमुक माणसाला. भिंत त्याने घातली. मालकाच्या पावत्या सरिताकडे आहेत. मग ती वेगळी भाडेकरू धरली गेली नाही तरी पुढच्याला "हे माझ्या खोलीत घुसलेत" असं म्हणता येणार नाही. एका घराच्या बदल्यात निदान त्याला तिच्याशी बसून बोलावं लागेल, पैसे परत तरी करावे लागतील, किंवा बिल्डरने आपल्या विक्रीच्या वाट्यातून काही द्यावं म्हणून आम्हा सगळ्यांना अडून बसता येईल. संमतीपत्रावर आमच्या सह्या आहेत, पण करार अजून व्हायचाय. वकील म्हणाले प्रयत्न करता येईल. वकील "येईल" म्हणतात तेव्हा त्यात किती दम असतो ते तुला माहीत आहे. तरी.

असा कागद मात्र तुझ्या बाबांच्या व्यवहारात हात घालणारा आहे. पगडी किती घेतली, मालकाला त्यातली किती दिली, सगळं निघेल. अज्याला ते आवडणार नाही. त्या पैशावरून तुमच्यात काय झालं ते मी विसरलेले नाही, आणि त्यानंतर वर्षभर मी तुला पत्र पाठवलं नव्हतं हे तूही विसरली नसशील. खोली विकलीत ह्याचा राग मला तुझ्यापेक्षा जास्त आला होता. तुझं माहेर गेलं, पण माझ्या गॅलरीतून रोज दिसणारं दार गेलं! अजूनही माझंच बरोबर होतं असं मला वाटतं, त्यावर आपण नंतर भांडू. कॅरमचा स्ट्रायकर तुम्हीच नेलात, तोही विषय उघडा आहे.

तेव्हा लिहून देशील की नाही, ते तुझ्यावर. नाही म्हणालीस तर मी सरिताला "नंदा नाही म्हणाली" असं सांगणार नाही, "कागदपत्रं सापडत नाहीत" म्हणेन. एवढं खोटं मला चालतं.

तुझं कसं आहे? गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर करणार होतीस, तारीख मिळाली का? भावजींना रिटायर झाल्यापासून काही उद्योग लाव, नाहीतर ते नाशिकचं सगळं हवामान खातं चालवतील. ऋचाच्या नोकरीचं ऐकून आनंद झाला, लग्नाचं मी विचारत नाही, तिने गेल्या वेळी मला जे उत्तर दिलं ते पुरे आहे. आणि इकडे येशील तेव्हा टॅक्सी करू नकोस. २०२५ च्या ऑक्टोबरपासून आपल्या गिरगावात जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आहे, सरकत्या जिन्यावर जोगकाकू देवाचं नाव घेत उभ्या राहतात.

सर्व्हेवाले कधीही येतील म्हणतात. त्याआधी कळव.

तुझी,
शुभा

ता. क. फोटोची प्रत पाठवतेय. कागद लिहून द्यायचा ठरला तर तो सोबत जोडावा लागेल, आणि ऋचाला विचार, कारण त्यात ती उघडीनागडी आहे. सरिताचा नंबर मुद्दाम लिहीत नाही. हवा असेल तर माग.