टाके काढायला झोपेचं औषध मागू नकोस

मेलबर्न

प्रिय ताई,

टाके काढताना ओमला झोपेचं औषध द्यायचं का, हा तुझा व्हॉइस मेसेज ड्यूटी संपल्यावर ऐकला, त्याच्या हनुवटीचा फोटो पण बघितला. टाके नीट पडलेत गं, व्रण फारसा दिसणार नाही. पण टाके घालताना चौघांनी त्याचे हातपाय दाबून धरले हे ऐकून माझं डोकं फिरलं. आई म्हणते झोपवूनच घालायला हवे होते, ते मला अर्धंच पटतं, कारण आधी बघायचं ते दुखणं, झोपेचं नंतर.

इथे आमच्या इमर्जन्सीत मूल जखम घेऊन आलं की पहिलं त्यात बधिर करणारं जेल लावतो, लिग्नोकेन, अ‍ॅड्रेनालिन आणि टेट्राकेनचं, 20-30 मिनिटं ठेवायचं, कडा पांढऱ्या पडल्या की लागू झालं समजायचं. त्यानंतर बरीच मुलं आईच्या मांडीवर कार्टून बघत टाके घालून घेतात, झोपेचं औषध लागतच नाही. तिकडे मिळते ती एम्ला क्रीम वेगळी हं, ती न फाटलेल्या कातडीवर लावायची, तिला तासभर लागतो.

तरीही मूल ऐकतच नसेल तर आमच्याकडे बहुतेक वेळा लाफिंग गॅस. ऑक्सिजनमध्ये मिसळलेला असतो, मास्कमधून दोन-तीन मिनिटांत चढतो, बंद केला की पाचेक मिनिटांत मूल परत वळवळायला लागतं, आणि दुखणंही थोडं कमी करतो. अडचण एकच, मुलाने मास्क लावू दिला पाहिजे, काही जण उलटी पण करतात. छातीत हवा साठली असेल किंवा आतड्याला अडथळा असेल तर मात्र द्यायचाच नाही.

भावजींनी विचारलेला नाकातला स्प्रे म्हणजे मिडॅझोलाम. दहाएक मिनिटांत मूल शांत होतं, नंतर त्याला फारसं आठवत नाही, पण नाकात आग आग होते आणि दुखणं त्याने जराही कमी होत नाही, म्हणजे बधिर न करता नुसतं हे दिलं तर ओरडणार ते ओरडणारच! काही मुलं तर उलट जास्तच बिथरतात, मारायला येतात. डेक्समेडेटोमिडीन पण नाकातूनच देतात, ते झोंबत नाही आणि झोप अगदी खऱ्यासारखी लागते, पण चढायला अर्धा तास, उतरायला अजून वेळ, ठोके मंदावतात, म्हणून ते स्कॅनला बरं, टाक्यांना नुसत्या त्याच्यावर भागत नाही.

आणि केटामाइन, म्हणजे भुलीचं औषध, जे तुझ्या मैत्रिणीच्या मुलीला मोडलेला हात बसवताना दिलं, ते सौम्य अजिबात नाही. डोळे उघडे, बुबुळं हलतायत आणि मुलीला काही कळत नाही, बघणारी आईच घाबरते. हाड बसवायला उत्तम, पण क्वचित घशाचे स्नायू आवळून श्वास अडकतो, म्हणून तो सांभाळता येणारा डॉक्टर, ऑक्सिजन, तोंडातली लाळ ओढून घ्यायचं सक्शन आणि फक्त मुलाकडे बघत बसणारं एक माणूस, एवढं हजर लागतं.

आता मुद्द्याचं. शेजारच्या काकू म्हणतायत ते ट्रायक्लोफॉसचं झोपेचं सिरप, मेंदूच्या ईईजी तपासणीआधी पाजतात ते, टाके काढायला जाताना घरून पाजून नेऊ नकोस. त्याने दुखणं कमी होत नाही, चढायला कधी किती वेळ लागेल सांगता येत नाही, आणि तू घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात अडकलेली असताना पोराची मान पुढे पडली तर श्वास अडेल, तिथे बघणार कोण? झोपेचं औषध द्यायचंच झालं तर हॉस्पिटलमध्येच, बोटाला ऑक्सिमीटर लावून.

चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांनी काढतात, दुखत नाही, जरासं ओढल्यासारखं होतं. त्याला छातीशी धरून मांडीवर बस, आडवं झोपवायला लावलं तर सरळ नाही म्हण. खपली धरली असेल तर आधी ओल्या गॉजने भिजवायला सांग. आणि काय करणारेत ते त्याला आधी खरं खरं सांग, "काही नाही होणार" असं म्हणू नकोस, मागच्या वेळी तेच सांगून नेलं होतंत ना.

शुक्रवारी काढून झाले की फोन कर, माझी नाइट आहे पण ब्रेकमध्ये उचलेन. आईला नमस्कार, ओमला पापा.

तुझी,
छकुली