पायाळू असो की नसो, ढग वाजला की मचाणावरून खाली

चि. पिंटूस,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू बोलता बोलता सहज सांगून गेलास की १५ ऑगस्टला तुमच्या साउथ कॅरोलिनात हरणाच्या शिकारीचा सीझन उघडतो आणि कंपनीतला तो मित्र तुला त्याच्या घरच्या जमिनीवर घेऊन जाणारे, बंदूक त्याची, तू नुसता सोबत बसणार. झाडाला लावलेल्या शिडीवर, संध्याकाळी. तू फोन ठेवलास आणि इकडे जे सुरू झालं ते विचारू नको. आई म्हणाली, "पायाळू आहे तो, आणि ऐन पावसाळ्यात झाडावर चढून बसणार?" मग रात्रभर तेच. म्हणून हे लिहायला बसलोय, फोनवर तू "हो पप्पा, हो पप्पा" करतोस आणि विषय बदलतोस.

आधी पायाळूचं. तू पायाकडून जन्मलास हे खरं. आणि पायाळू माणसावर ईज पडते हे तुझ्या आजीने सगळ्या गल्लीला पटवून दिलेलं, वळवाचं आभाळ आलं की तुला उंबऱ्यात उभं राहू द्यायची नाही, गारा सुरू झाल्या की अंगणात पहार फेकायची. एक फायदाही होता त्याचा, कुणाला उसण भरली की तुला बोलवायचे कमरेला लाथ मारायला, पाच वर्षांचा होतास, लाथेला एक लाडू. आठवतं का? तर मी ३४ वर्षं विजेच्या लाइनवर काढली, खांबावर चढण्यात आयुष्य गेलं, मला त्या पायाळूपणात काही दम वाटत नाही. ईज जन्म बघत नाही. पण पाय बघते, ते पुढे सांगतो.

शिकार चांगली का वाईट यावर मी बोलणार नाही. आजोबा माळकरी होते, ते काय म्हणाले असते तुला माहितीये. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हरणाला हात लावता येत नाही, काळविटांचा कळप हरभरा खाऊन गेला तरी शेतकरी डबा वाजवण्यापलीकडे काय करणार. तिकडचा कायदा वेगळा, हरणं उदंड, तू मोठा झालास. झालं.

मला खटकली ती वेळ. तूच सांगितलंस की हरीण दिवसभर झाडीत पडून असतं आणि पहाटे नाहीतर सूर्य कलल्यावर बाहेर पडतं, म्हणून शिकारी चार-साडेचारला शिडीवर जाऊन अंधार पडेपर्यंत गप्प बसतो. बरोबर? आता तुमचा भाग समुद्राकाठचा. दिवसभर जमीन तापते, दुपारी समुद्राकडून गार दमट वारा आत घुसतो, गरम हवेला वर ढकलतो आणि तीन-चारच्या पुढे ढग उभे राहतात, कोबीच्या गड्ड्यासारखे. म्हणजे तुमची शिडीवर बसायची वेळ आणि तिकडच्या ढगाची वाजायची वेळ एकच. बाकी अमेरिकेत हरणाचा सीझन बहुतेक ठिकाणी थंडीच्या तोंडावर असतो तेव्हा हा प्रश्न फारसा येत नाही, तुमच्याकडे भर ऑगस्टात उघडतो ही गोम आहे.

त्यात बसायची जागा कशी, तर पाइनच्या झाडाला पट्ट्याने आवळलेली लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची शिडी, पंधरा-वीस फुटांवर पाट, आणि तू हार्नेसने झाडाला बांधलेला. अरे, मी खांबावर असाच असायचो, फक्त आधी लाइन बंद करून अर्थिंग टाकून. तुझी लाइन कोण बंद करणार?

लोक म्हणतात लोखंड ईज ओढून घेतं. तसं नाही, ती उंची बघते, टोक बघते. पण ईज झाडावर पडली की खोडातून खाली येताना तिला खोडापेक्षा चांगली वाट दिसली तर ती उडी मारते, आणि ओलं लाकूड आणि माणूस यात माणूस चांगला वाहक. खोडाला चिकटून बसलेला माणूस म्हणजे आयती वाट. ईज पडलेलं झाड पाहिलंयस ना तू, मारुतीच्या पारामागचा लिंब, साल वरपासून खालपर्यंत सोललेली.

आता पायाचं. तुला ते बैल आठवणार नाहीत, तू तेव्हा दुसरी-तिसरीत असशील. मे महिना, अवकाळी, शेजारच्या शेतात गडी औत सोडून लिंबाखाली आला, दोन्ही बैल बुंध्यापाशी बांधले आणि स्वतः जरा लांब बांधावर पाय पोटाशी घेऊन पोतं पांघरून बसला. ईज लिंबावर पडली. मी तिथून दीड फर्लांगावर डीपीपाशी होतो, कान बधिर झाले, वास आला जळक्याचा. जाऊन बघतो तर दोन्ही बैल आडवे, अंगावर साधा डाग नाही, तोंडात कडब्याचं चिपाड तसंच. आणि गडी बसलेला, थरथरत होता पण जिवंत.

सगळे म्हणाले देवाची कृपा. असेल. पण मला आमच्या ट्रेनिंगमधलं स्टेप पोटेन्शियल आठवलं. करंट जमिनीत शिरला की चारी बाजूंना पसरतो, बुंध्यापाशी दाब जास्त, लांब जाल तसा कमी. बैलाचा पुढचा पाय बुंध्याकडे आणि मागचा पाच फूट लांब, त्या दोन पायांत दाबाचा फरक, म्हणून करंट एका पायातून चढतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या पायातून उतरतो. गड्याचे दोन्ही पाय जवळजवळ, फरक कमी, वाचला. सबस्टेशनच्या यार्डात खडी का पसरतात असं तू लहानपणी विचारायचास आणि मी चिखल होऊ नये म्हणून असं सांगून मोकळा व्हायचो, खरं उत्तर हे होतं. तार तुटून पडली की आम्ही लोकांना हेच ओरडायचो, पळू नका, पाय जुळवा, पाय जुळवूनच बारीक उड्या मारत बाहेर या.

विजेने मरणाऱ्यांत थेट डोक्यावर पडून मरणारे थोडे असतात, जमिनीतून मरणारे जास्त. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये एकाच वादळात ३२३ रेनडिअर मेले, फोटो बघितला मी, सगळे एकमेकांना खेटून पडलेले. ढग वाजला की हरणं घोळका करतात, आणि ईज त्या जमिनीत उतरली की अख्खा घोळका जातो. तुम्ही दोघंतिघं असाल आणि गाडीपर्यंत उघड्यावरून चालत जायचं असेल तर एकमेकांच्या गळ्यात गळा घालून जाऊ नका, दहा-पंधरा मीटर अंतर ठेवा, एकाला काही झालं तर दुसरा धड राहायला पाहिजे.

मग करायचं काय. तर सगळ्यात सोपं, जायच्या आधी फोनवर रडार बघ. मी इथे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी अॅप वापरतो, चाळीस किलोमीटरमध्ये कुठे ईज पडतेय ते दाखवतं, शेतात जायच्या आधी बघतोच, पण ते तिकडचं दाखवणार नाही, तिथलं जे असेल ते घे. दुपारीच उभे ढग दिसत असतील तर त्या दिवशी जाऊच नका, सीझन १ जानेवारीपर्यंत आहे म्हणालास ना.

आणि वर बसल्यावर पहिला गडगडाट कानावर आला की उतरायचं. पहिला. दुसऱ्याची वाट बघायची नाही. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजले की तीन सेकंदाला एक किलोमीटर, तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, हे तुला शाळेत शिकवलंय, पण जंगलात चमक दिसतेच असं नाही आणि ईज ढगापासून पंधरा-सोळा किलोमीटर लांब कोरड्या आभाळाखालीही पडते. म्हणून मोजत बसू नको. ऐकू आलं म्हणजे तू तिच्या टप्प्यात आहेस, एवढाच हिशोब.

उतरताना घाई नको. शिडीवरून पडून हातपाय मोडणारे शिकारी काही कमी नाहीत, आणि पाऊस लागला की पायऱ्या गुळगुळीत होतात. मित्राला म्हण बंदूक रिकामी करून दोरीने खाली सोड, मग उतर. आणि हे सगळं करायला पाच-सात मिनिटं जातात, म्हणून तर पहिल्या आवाजाला.

खाली आल्यावर गाडी गाठायची. पिकअपची बंद केबिन, काचा वर, हात मांडीवर, दाराच्या पत्र्याला टेकायचं नाही. टायर रबरी असतात म्हणून गाडीत माणूस वाचतो असं आपल्याकडे सगळे सांगतात, तुझा मामा तर पैजेवर, पण आभाळातून इतके किलोमीटर हवा फाडत आलेली ईज चार इंच रबराला काय विचारते. वाचवतो तो टप आणि पत्रा, करंट बाहेरच्या बाहेर जमिनीत जातो. म्हणूनच ती उघडी बग्गी असते ना शेतावर फिरायची, तिच्यात बसून उपयोग नाही. कापडी तंबूत बसून शिकार करतात तोही नाही, रबरी बूटही नाही. गाडी आदल्या दिवशीच जवळ लावायला सांग, हरणाला वास येतो म्हणून मैलभर लांब लावतात म्हणे, तर मैलभर लांब नको. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गाडीतच. पाऊस थांबला म्हणजे संपलं असं नाही, पाऊस थांबल्यावर बाहेर पडून जिवानिशी गेलेले मी पाहिलेत.

गाडी गाठता आलीच नाही तर? मग उंच एकट्या झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, पाण्यापासून लांब, सखल जागी, बुटक्या झाडांच्या गर्दीत. उकिडवं बसलं की वाचतो असं पूर्वी सांगायचे, तिकडच्या हवामान खात्यानेसुद्धा आता ते सांगणं सोडलंय, कारण लोक तिथेच बसून राहायचे आणि गाडीकडे जायचेच नाहीत. चालत राहा, गाडीकडे.

एक गोष्ट नीट वाच. विजेचा शॉक लागून माणूस तारेला चिकटला तर त्याला हात लावायचा नाही, लाइन बंद केल्याशिवाय, हे तुला मी लहानपणापासून घोकून घेतलंय. आभाळातल्या विजेचं उलटं आहे. ती एका क्षणात आली आणि गेली, माणसाच्या अंगात काही राहत नाही, लगेच हात लाव. श्वास नसेल, नाडी नसेल तर ९११ लावायला सांगून लगेच छाती दाबायला सुरू कर, सीपीआर, कंपनीत शिकवलाय ना तुला. विजेच्या माराने हृदय बंद पडलेला माणूस मेल्यासारखा दिसतो आणि उठतो, फक्त कुणीतरी दाबत राहायला पाहिजे. ईज लागलेल्या दहातले नऊ जगतात, पण जगलेल्यांतले पुष्कळ जण पुढे कित्येक वर्षं डोकेदुखी, विसरभोळेपणा, बधिर बोटं घेऊन असतात.

अमेरिकेत आता वर्षाला सरासरी वीसेक माणसं विजेने जातात, आपल्याकडे २०२२ मध्ये २,८८७ गेली. तिकडे ऐंशी वर्षांपूर्वी तीनशे-चारशे जायची, तेव्हा तेही शेतात होते. आपली अजून शेतातच आहेत, खुरपायला गेलेल्या बाया, शेळ्यांमागची पोरं, त्यांना गाडी कुठली. तुला गाडी आहे आणि तू छंदासाठी चाललायस, म्हणून माझा जीव जास्त तळमळतो. तिथे मरणाऱ्यांत दहातले आठ पुरुष असतात असं वाचलं, आणि मला नवल वाटलं नाही. आमच्या गँगमध्येही आभाळ आल्यावर खांबावरून आधी उतरणाऱ्याला चिडवायचे. मी उतरायचो. चिडवायचे ते चिडवायचे.

तू तिथे पाहुणा, मित्राचा बाप वर्षभर वाट बघून बसलेला, समोर मोठ्या शिंगाचं हरीण आलेलं आणि तू म्हणणार खाली चला, तुला लाज वाटेल हे मला कळतं. तर सरळ माझं नाव सांग. म्हण, माझा बाप लाइनमन आहे, डोक्याने जरा हा आहे, त्याने शपथ घातलीये. किंवा पायाळूचं सांग त्यांना, त्यांना गंमत वाटेल, हसतील आणि उतरतील.

मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी कुरिअर केली आहे, रेनकोट तिथेच घे. तुझे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे पहाटेचे साडेतीन, आई तेव्हा उठून बसलेली असणारच, गाडीत बसलास की एक मिस्ड कॉल टाक. बोलायला नको, नुसता मिस्ड कॉल.

तुझा,
पप्पा